मधुकररावांचं नाक

अहो, नागपुरात एक काळ असा होता की धंतोली, रामदासपेठ, काँग्रेसनगर, कुठेही बाईमाणसाला स्वयंपाकघरात गॅसचा वास आल्यासारखा वाटला, की पहिलं नाव निघायचं मधुकररावांचं. एजन्सीचा मेकॅनिक तसा कोणीही यायचा, पण बायकांना मधुकररावच हवे असायचे. गडी यायचा, चपला दाराबाहेर काढायचा, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभा राहून डोळे मिटायचा आणि दोनदा श्वास ओढायचा. मग म्हणायचा, "डाव्या बटणापाशी हाय." शेगडी उघडून बघावं तर डाव्या बटणापाशीच! एकदा तर त्यांनी जिन्यातूनच सांगितलं की तुमच्याकडे नाही, वरच्या मजल्यावर आहे. वरच्यांनी आधी नाक मुरडलं, आणि मग चहा पाजला.

काटोलकडच्या शेतकरी घरातला हा मुलगा. पंच्याऐंशी साली चोविसाव्या वर्षी नागपुरात येऊन गॅस एजन्सीत लागला. तेव्हा गॅस मिळणं म्हणजे काय होतं, हे आजच्या पोरांना सांगून पटायचं नाही. नंबर लावून सात-सात वर्षं वाट बघायची. लग्नात नंबर लावलेल्या माणसाचं पोरगं शाळेत जायला लागायचं, तेव्हा सायकल रिक्षावरून लाल सिलेंडर घरी यायचा. आणि आला की काय थाट! हळदकुंकू, नारळ, गल्लीत पेढे. मधुकररावांनी स्वतःच्या हातानं बसवलेलं पहिलं कनेक्शन धंतोलीतल्या इंदुताईंचं. ताईंचे मिस्टर सरकारी हिशेबाच्या एजी ऑफिसात होते. सासूबाईंनी शेगडीला फुलं वाहिली आणि गॅसवर पहिला चहा झाला तो या मेकॅनिकला दिला. तरुण मधुकर संकोचानं उभ्या उभ्याच प्याला आणि त्याची जीभ पोळली.

चहा झाल्यावर त्यांनी इंदुताईंना सगळं शिकवलं. आधी काडी पेटवायची, मग बटण फिरवायचं. सिलेंडर उभाच ठेवायचा, आडवा कधीच नाही. झोपताना रेग्युलेटर बंद. आणि वास आला तर दिव्याचं बटण लावायचं नाही, लागलेला बंदही करायचा नाही, आधी खिडक्या उघडायच्या. "हा गॅस जड असतो, ताई. वर नाही जात. पाण्यासारखा खाली साचते." ताईंनी ते वहीत लिहून घेतलं, अशा त्या टापटिपीच्या. टापटीप इतकी, की महिन्याभरात त्यांनी गॅसच्या नळीला जुन्या इरकली लुगड्याची खोळ शिवली. नळी तेलकट होऊ नये म्हणून! मधुकररावांनी कपाळावर हात मारला. खोळीखाली नळी चिरली तर दिसणार कशी? पण ताई ऐकेनात. मग दर वर्षी उन्हाळ्याच्या आधी मधुकरराव यायचे, खोळ काढायचे, नळी बघायचे, ताईंवर डाफरायचे आणि परत खोळ चढवून पन्हं पिऊन जायचे. चाळीस वर्षं हे असंच चाललं.

सुरुवातीला मधुकररावांच्या पिशवीत साबणाची डबी असायची. जोडावर फेस लावायचा, बुडबुडा आला की गळती आहे. एजन्सीनं शिकवलेली हीच रीत. पण नाकाचा बोलबाला झाला आणि डबी मागे पडली. असं नाक असताना साबण कशाला? माणसाला एवढासाही मोठेपणा मिळाला ना, की तो हळूच असा डोक्यात जाऊन बसतो.

एकवीस साली तो ताप आला. मधुकरराव वाचले, पण नाक गेलं. पहिले काही महिने त्यांना वाटलं, येईल परत. मग वाटेनासं झालं. त्यांनी कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. एजन्सीतून त्याच वर्षी निवृत्त झाले, पण जुन्या घरांचे फोन येतच राहिले. आणि खरं सांगायचं तर त्या फोनांशिवाय त्यांच्याजवळ दुसरं होतं काय? शहराबाहेर अमरावती रोडवर वाडीत दोन खोल्यांचं घर, बाहेर दिवसभर ट्रकांची घरघर आणि हातात पेपर. फोन आला की माणूस इस्त्रीचा शर्ट घालून निघायचा. उंबऱ्यावर डोळे मिटायचा, दोनदा श्वास ओढायचा. वास काहीच यायचा नाही. मग शेगडी साफ करायची, वॉशर बदलायचा, नळी जुनी दिसली तर नवी टाकायची आणि म्हणायचं, निर्धास्त राहा. चार वर्षं निभावलं. कोणाचं काही वाईट झालं नाही, हे नशीब.

वासांची आठवण मात्र फार यायची हो. प्रत्येक घर त्यांना वासानं पाठ होतं. कुठे कोथिंबिरीच्या सांभारवडीचा, कुठे धूप आणि कापूर, कुठे मोसमात खाटेखाली संत्र्याचे क्रेट. आणि उन्हाळ्यात अख्ख्या शहरात कूलरच्या ओल्या वाळ्याचा. भर दुपारी सायकलवरून जाताना एकेका खिडकीतून तो गार वास अंगावर यायचा तेव्हा वाटायचं, आपल्याच बापाचं गाव आहे हे. आता मे महिना यायचा आणि नुसती धग लागायची.

गेल्या मे महिन्यात इंदुताईंचा फोन आला. ताई आता अठ्ठ्याहत्तरच्या, एकट्या. मुलगी भैरवी पुण्याला. घराच्या दोन्ही बाजूंना दवाखाने झालेले.

"मधुकरराव, स्वयंपाकघरात दोन दिवसांपासून काहीतरी वास येऊन राहिला. कूलरला नवीन वाळ्याच्या ताट्या लावल्या, त्याचाच असेल म्हणा. पण गॅसचा की वाळ्याचा, मला काही समजून नाही राहिलं."

मधुकरराव दहा वाजता पोचले. उंबऱ्यावर उभे राहिले, डोळे मिटले, दोनदा श्वास ओढला. ताई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या, चाळीस वर्षं बघत आल्या तशा. तो भरवसा त्यांना सोसवेना. लवकर निघावं म्हणून त्यांनी त्या दिवशी खोळसुद्धा काढली नाही.

"वाळ्याचाच हाय, ताई. निर्धास्त राहा."

"तुम्ही म्हटलं म्हणजे झालं," ताई म्हणाल्या आणि पन्हं आणायला गेल्या.

संध्याकाळी सहाला मधुकरराव वाडीत पेपर वाचत बसले होते. शेगडी हाताच्या अंतरावर, तिच्यावर दूध. बायको उत्तरा बाहेर नळावर पाणी भरत होती. ती आत आली आणि दारातच किंचाळली.

"अहो! दूध लागलं ना! घरभर करपट वास सुटला, बाहेर नळापर्यंत आला. तुम्ही इथंच बसून काय करून राहिले?"

"लक्ष नव्हतं वं."

"लक्ष कशाले लागते? नाक नाही काय तुम्हाले?"

 मधुकररावांनी पेपरची घडी घातली, परत उलगडली. उत्तरा बघत राहिली. मग पातेलं बाजूला ठेवून हळूच त्यांच्यासमोर बसली.

"कधीपासून?"

"त्या तापापासून."

उत्तराच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "चार वर्षं तुम्ही माह्या भाजीले एकदाही चांगलं नाही म्हटलं. मले वाटलं, माहा हातच गेला. मी रडली हो, चूल फुंकणाऱ्या बाईसारखी रडली, अन् तुम्ही सांगितलं नाही?" आणि मग एकदम तिच्या लक्षात आलं. "अन् सकाळी ताईंकडे काय सांगून आले?"

मधुकररावांनी सांगितलं. सांगता सांगताच त्यांच्या डोळ्यांसमोर ते स्वयंपाकघर उभं राहिलं. पश्चिमेच्या झळा नको म्हणून दुपारी ताई तिथली खिडकी आणि दार घट्ट लावून घेतात. खोळीखालची नळी आज बघितलेली नाही. आणि देवघर? देवघर स्वयंपाकघरातच, खाली, जमिनीलगत पाटावर! दिवेलागणीला ताई तिथे बसून काडी ओढणार. 

फोन लावला, नुसताच वाजत राहिला. कूलरच्या आवाजात ताईंना कुठला ऐकू येतो! शेजाऱ्यांचा नंबर नव्हता. मधुकररावांनी स्कूटर काढली, उत्तरा ओल्या हातांनीच मागे बसली. अमरावती रोडवर ट्रकांची रांग. सूर्य लाल होऊन खाली चाललेला. या माणसानं जन्मात कधी सिग्नल तोडला नव्हता, त्या दिवशी दोन तोडले.

ताईंच्या व्हरांड्यात चढताच उत्तरा थबकली. "अहो, गॅस हाय! इथपर्यंत येऊन राहिला!" आणि तिनं बेलकडे हात नेला. मधुकररावांनी तो हात वरच्यावर धरला. बेलची एक ठिणगी पुरली असती. त्यांनी दारावर दोन्ही मुठींनी मारायला सुरुवात केली. "ताई! ताई, काडी ओढू नका!"

दार उघडलं. इंदुताईंच्या उजव्या हातात काडेपेटी होती आणि डाव्यात फुलवात. "देवापाशीच चालली होती. अहो, काय झालं काय?"

मधुकररावांनी काडेपेटी घेतली आणि उत्तराकडे दिली. ताईंना हाताला धरून अंगणात आणलं. मग श्वास रोखून आत शिरले, रेग्युलेटर बंद केला, खिडकी उघडली, मागचं दार उघडलं, कूलर चालू होता तो तसाच राहू दिला. एकाही बटणाला हात लावला नाही. अर्धा-पाऊण तास तिघंही अंधारात पायरीवर बसून राहिले. मग वास गेला असं उत्तरानं सांगितलं, तेव्हा ते परत आत गेले, सिलेंडर अंगणात आणून ठेवला आणि खोळ ओढून काढली. शेगडीच्या टोकाला नळी बोटभर चिरली होती.

उत्तरा काही बोलणार तेवढ्यात मधुकररावच बोलले. "ताई, मले वास येत नाही. चार वर्षं झाली. सकाळी मी खोटं बोललो."

इंदुताईंनी हातातली फुलवात पायरीवर ठेवली. मग त्यांचा आवाज असा चढला की बाजूच्या दवाखान्याचा वॉचमन डोकावला.

"काहून नाही सांगितलं? अहो, मला नीट दिसत नाही म्हणून मी डाळ तुमच्याकडून निवडून घेतली, लाजली का? गुडघा गेला तेव्हा तुम्हालाच म्हटलं ना, सिलेंडर ओढून द्या! मी माझं सगळं म्हातारपण तुम्हाला दाखवलं, आणि तुम्ही नाकाचा तोरा मिरवून राहिले! मी मेली असती, मधुकरराव!"

मधुकरराव मान खाली घालून रडत होते. त्यांना कोणी असं रडताना बघितलं नव्हतं, उत्तरानंही नाही. ताईंनी थोडा वेळ रडू दिलं. मग म्हणाल्या, "उद्या नवीन नळी घेऊन या. दोघंही या. जेवायलाच या." आणि ती इरकलीची खोळ त्यांनी स्वतःच्या हातानं कचऱ्याच्या बादलीत टाकली.

पण त्या रात्री मधुकररावांना ताईंचं घर दिसत नव्हतं, बाकीची दिसत होती. चार वर्षांत जिथे जिथे उंबऱ्यावर उभं राहून निर्धास्त राहा म्हटलं, ती सगळी. सकाळी त्यांनी आठवून आठवून नावं काढली, सत्तावीस भरली. उत्तरा म्हणाली, फोन करून सांगा, एजन्सीचा पोरगा जाईल. ते म्हणाले, "नाही. मीच जातो."

ताईंची नळी बसवून, जेवून दोघं निघाले ते यादीतल्या पहिल्या घरी, रामदासपेठेत. तिसऱ्या मजल्यावर गार्गी नावाच्या सुनेनं दार उघडलं, मधुकररावांना बघून हसली आणि आत ओरडली, "आई, ते नाकवाले काका आले!"

मधुकररावांनी चपला काढल्या आणि पिशवीतून जुनी साबणाची डबी काढली. उंबरा ओलांडायच्या आधीच ते म्हणाले, "नाक गेलं, पोरी. मागच्या दोन्ही वेळी मी तुमच्याकडे नुसताच श्वास घेऊन गेलो. आज खरं तपासाले आलो."