बाळापूरचं घर की पुण्याची खोली

घर माझ्या नावावर, अन् गिऱ्हाईक बघितलं पोरांनी. मला इचारलं बी न्हाई. राम राम मंडळी, आता पुढचं वाचा.

परवा थोरला मला गाडीत घालून पुण्याबाहेर एक जागा दाखवायला घेऊन गेला. म्हाताऱ्यांची कॉलनी... लिफ्ट, बाग, डॉक्टर, वेळेवर जेवण. आमचे मालक वारल्यापासून दोघा पोरांना माझी लई काळजी. गावात ऱ्हात न्हाईत म्हणून जास्तच.

हिशेब आधीच जुळवलेला. घर विकून डिपॉझिट, माझ्या वाटणीचं रान बटईनं देऊन महिन्याचा खर्च. म्हणजे मी माझ्याच जिवावर ऱ्हाणार, अन् नाव ह्यांचं... आईला कसं झ्याक ठेवलं.

खोटं कशाला बोलू, जागा वाईट न्हाई. मोरीत धरायला दांडा आहे. गेल्या साली मी आमच्या मोरीत पडले, तर शेजारीण येईपर्यंत तशीच पडून होते. घरी बाई ठेवावी म्हणलं तर मुक्कामी बाई भेटत न्हाई... रानात हळद काढायच्या दिवसात तर दिवसाची बी न्हाई. पोरांकडं ऱ्हाऊन बघितलं. धाकट्याच्या घरी मी कोण्या खुर्चीवर बसायचं ते बी ठरलेलं होतं.

म्हणून माझं मन वळत आलं होतं. सहज तिथल्या मॅनेजर बाईला इचारलं, "माझी लेक पंचमीला येती, आठ दिवस ऱ्हाती. ती कुठं निजंल?"

"आजी, मुक्कामी पाहुणे चालत नाहीत. दिवसा भेटून जातील की."

थोरला म्हणला, "आई, आता पंचमी काय घेऊन बसलीस. ताई माझ्याकडं येईल."

"आजवर किती खेपा आली रे तुझ्याकडं?"

तो मोबाईल बघून राहिला.

लेक पुसदला दिलेली. सासर कसं आहे ते लिहीत न्हाई, तिला तिथंच नांदायचंय. माझ्याकडं आली की पहिले दोन दिवस निसती झोपती. मी उठवत न्हाई.

बाप गेला तवा तिनं रानातला हिस्सा दोघा भावांना सोडून दिला. तहसीलला जाऊन सही केली, वर दोघांना चहा पाजला. आपल्याकडं लेकी हिस्सा काहून सोडतात... माहेरचं दार उघडं ऱ्हावं म्हणून. सहीसाठी तिला आणायला दोघं गाडी करून पुसदला गेले होते. घर विकायच्या वक्ताला तिला एक फोन न्हाई.

मी त्या खोलीत जाईन का न्हाई, ते माझं मी बघंन. तवर गिऱ्हाईकानं माझ्या दारात येऊ नये.

अन् थोरल्या, धाकट्या, दोघांनी पुसदला जायचं. बहिणीसमोर बसून सांगायचं, तिनं आता कोण्या घरी यायचं. फोनवर न्हाई. सुनांनी मधी बोलायचं न्हाई, इथं खाली बी कोणी सल्ला लिहायचा न्हाई. जवाब त्या दोघांनीच द्यायचा, अन् तो मला न्हाई, तिला.