जिजीच्या ओळींवरची बासरी

रविवारी भियांची गाणी मोबाइलवर आली. त्यांत जिजीचा आवाज नव्हता. मंगळवारी सकाळी जिजी देवासच्या दवाखान्यात वारली. मी तिच्याजवळ होते.

जिजी म्हणजे माझी थोरली बहीण. भिया म्हणजे ते माळवी गायक, ज्यांची लग्नाची गाणी देवासपासून धरमपुरीच्या घाटापर्यंत भोंग्यांवर वाजत आली. रिक्षावाल्यापासून कलेक्टरपर्यंत सगळे त्यांना भियाच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहिते. त्यांच्या पहिल्या सात कॅसेटींत त्यांच्या सवालाला जवाब देणारी जी बाई आहे, ती जिजी. हे ठाऊक असलेली माणसं आता चारपाचच उरली आहेत.

रविवारी दुपारी मीच तिच्या उशाशी मोबाइल धरला होता. भियांच्या मुलाने वडिलांच्या जुन्या कॅसेटी साफ करून आपल्या चॅनेलवर टाकल्या होत्या. मला वाटलं, ऐकून तिला बरं वाटेल. नवरदेवाची चेष्टा करणारं गाणं लागलं. भिया विचारतात, बन्नाजी, घोडी कुठून आणली? आणि उत्तराच्या जागी बासरी. पुन्हा सवाल, पुन्हा बासरी. मी घाईघाईने दुसरं गाणं लावलं. तिथेही तेच.

जिजीने डोळे मिटून ऐकलं.

"छान वाजवतोय गं," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा सुरात आहे."

"जिजी, तुझा आवाज काढून टाकलाय."

"त्या कॅसेटींना खरखर फार होती. त्यात गेला असेल. बंद कर आता, पलीकडच्या बाईंना झोप लागलीय."

मग तिने भिंतीकडे तोंड केलं. मला त्या क्षणी तिचाच राग आला. जन्मभर ती अशीच बाजूला सरकत आली होती, आणि आम्ही सगळे तिने मोकळ्या केलेल्या जागेत पाय पसरून बसलो होतो.

जिजी बाविसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी देवासला परत आली. आमचे आजोबा देवास संस्थानच्या दरबारात होते, वडील, म्हणजे आबासाहेब, सरकारी कचेरीत कारकून. दरबार संपला होता, पण दरबाराबरोबर आलेले रिवाज आमच्या घरात टिकून होते. हळदीला, मांडवाला जिजीला कुणी बोलवत नसे. तिला मात्र लग्नाची सगळी माळवी गाणी पाठ होती. गल्लीतल्या माळिणीकडून, शिंपिणीकडून, पापड लाटायला येणाऱ्या बाईकडून तिने ती उचलली होती. घरात आम्ही आमच्या पणजीच्या काळच्या वळणाचं मराठी बोलायचो आणि ही न्हाणीघरात बन्ना-बन्नी गायची. आईने कितीदा दार वाजवलं असेल.

गल्लीच्या तोंडाशी रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानदाराने वरच्या खोलीत भिंतींना रजया ठोकून ध्वनिमुद्रणाची सोय केली होती. भिया तेव्हा तिथे यायचे, तिशीतले, एकच कोट असलेले. त्यांनी जिजीचा आवाज रस्त्यावरून ऐकला आणि सरळ आबासाहेबांकडे आले. आबासाहेब हो म्हणाले, याचं मला अजून नवल वाटतं. अट एकच होती, नाव कुठेही येता कामा नये. "धाकटीचं लग्न व्हायचंय," ते म्हणाले. धाकटी म्हणजे मी.

दुकानदाराची अट त्याहून सोपी होती. तो जिजीच्या तोंडावर म्हणाला, "शादी के गीत पर बेवा का नाम? कौन बजाएगा, भिया?"

भिया पेटीचा भाता चाचपत राहिले. पुढच्या चाळीस वर्षांत त्यांच्या हातून यापेक्षा वेगळं काही घडलं नाही.

मी कॉलेजात होते, मीही जाऊ का, असं घरात सारखी विचारत राहायचे, म्हणून जिजीबरोबर मला पाठवत. खोलीत माइक एक. आवाज लहानमोठा करायचा तो पायांनी, माइकपासून पुढेमागे सरकून. दुकानदाराने जमिनीवर खडूने रेघा मारल्या होत्या. माइकपाशी भिया, त्यांच्यामागे पेटी, जिन्याजवळ ढोलक. जिजीची रेघ सगळ्यात मागे, पार भिंतीला लागून, कारण तिचा आवाज धारदार होता.

"थें जरा दूर ऊबा रो, जिजी," भिया हसत म्हणायचे, "नी तो म्हारे कुण सुणेगा?" तुम्ही लांब उभ्या राहा, नाहीतर माझं कोण ऐकणार, असं.

"मग तुम्हीच बाहेर जाऊन गा ना," जिजी म्हणायची. ढोलकवाला खो खो हसायचा आणि ध्वनिमुद्रण परत पहिल्यापासून करावं लागायचं.

माझं अक्षर चांगलं होतं. कॅसेटीच्या वेष्टनावरचा मजकूर दुकानदार माझ्याकडून लिहून घ्यायचा आणि तसाच छापायचा. मोठ्या अक्षरात भियांचं नाव, खाली लहान अक्षरात 'और साथी'. सातही वेळा ते मी लिहिलं आहे. पहिल्या वेळी मी जिजीकडे पाहिलं. "लिही की," ती म्हणाली. "साथ तर करतेय ना? खोटं काय त्यात?"

सातवी कॅसेट निघाली त्याच वर्षी मला धारला दिलं. सासरची माणसं शिकलेली, वकिलीतली. मांडवाच्या दिवशी भोंग्यावर तिसरी कॅसेट लागली होती. जिजी मागच्या खोलीत लाडू बांधत होती, कारण तिला मांडवात यायची मुभा नव्हती, आणि मांडवात तिचाच आवाज नवरीची दृष्ट काढत होता. सासूबाई माझ्या शेजारी बसून म्हणाल्या, "काय गळा आहे. भाग्यवान सवाष्ण असणार कुणीतरी." मी मुंडावळ्या बांधून बसले होते. मी म्हणायला हवं होतं की ही माझी बहीण आहे, तिला बाहेर बोलवा. मी मान खाली घातली. नव्या सुनेने मान खाली घातली म्हणून माझं कौतुकही झालं.

सातव्या कॅसेटीनंतर भिया इंदूरला गेले. मग त्यांच्याबरोबर पुष्कळ जण गायले. एका निमाडी गायिकेबरोबर त्यांची जोडी जमली, पुढे ऑर्केस्ट्रा आला, मुंबईच्या एका संगीतकाराने त्यांचा आवाज घेतला, एक गोरा गिटारवाला तर महिनाभर त्यांच्या घरी राहिला. प्रत्येकाबरोबरचा फोटो त्यांच्या बैठकीत आहे. मुलाखतीत ते सांगत, ही गाणी मी मातीतून वेचली. मी धारला शाळेत शिकवून घरी यायचे आणि हे वाचायचे. ती माती माळिणीच्या आणि शिंपिणीच्या ओट्यावर बसून कुणी चाळली, हे मला ठाऊक होतं. मी वर्तमानपत्र घडी करून ठेवायचे. जिजी शिवणाच्या शिकवण्या घेत देवासला दोन खोल्यांत राहिली.

तेराव्याला भिया आले. पंच्याहत्तरी ओलांडलेली, काठी टेकत, सोबत मुलगा. जिजीच्या फोटोपुढे ते बराच वेळ उभे राहिले. खरोखर रडले. त्याने माझा राग उतरला नाही, वाढला.

मी मुलाला विचारलं, "तिचा आवाज का काढला?"

"काढला नाही, मौसीजी." त्याचं मराठी तोडकं, तो लगेच हिंदीवर आला. "सॉफ्टवेयर मेन आवाज पकड़ता है। जो दूर का है, उसको शोर समझता है। जगह खाली लग रही थी, तो फ्लूट डाल दी।"

दूरचा आवाज. खडूच्या रेघेवर जिला उभं केलं, ती.

"मग जुनं आहे तसं परत टाका. आणि खाली तिचं नाव लिहा."

"पुराना अब कहाँ है? टेप तो सड़ गई थी, साफ करके फेंक दी। और नाम..." त्याने खिशातून फोन काढला, त्यात वेष्टनाचा फोटो होता. "नाम तो कवर पे भी नहीं है, मौसीजी। देखिए ना। हम अपने मन से कैसे जोड़ दें?"

त्याने दाखवलं ते माझं अक्षर होतं.

मी भियांकडे पाहिलं. "तुम्ही सांगा याला."

"बेटी," ते म्हणाले, "उनके बिना मैं कुछ नहीं था।"

"हे मला नको. त्याला सांगा. आत्ता, माझ्यासमोर."

त्यांनी मुलाकडे पाहिलं, मग काठीकडे. "अब बच्चे ही देखते हैं सब," ते म्हणाले. मी चहा आणायला उठले नाही. तेराव्याला घरी आलेल्या माणसाला पाणीही न विचारता पाठवण्याची आमच्याकडे रीत नाही. मी तसं पाठवलं.

आठ दिवसांनी मुलाने चॅनेलवर जिजीचा हार घातलेला फोटो टाकला. खाली 'श्रद्धांजलि' आणि मागे तीच बासरी. मी त्याला पत्र लिहिलं, मग दुसरं. उत्तर आलं नाही. जिजीने एकही कॅसेट ठेवली नव्हती आणि धारच्या घरी माझ्याकडेही नव्हती. सासरी कुणी काही विचारू नये म्हणून मी कधी आणलीच नव्हती. मग मी तंबू-भोंगे भाड्याने देणाऱ्यांकडे फिरले. बहुतेकांनी कॅसेटी कधीच भंगारात घातल्या होत्या. नालछ्याला एका म्हाताऱ्याकडे पाचवी मिळाली. "यो बाई को आवाज?" तो म्हणाला. "ईका बिना ब्याव नी होतो थो अठे." हिच्याशिवाय इथे लग्न लागत नसे, असं. कोण होती, हे त्याने विचारलं. मी जिजीचं पूर्ण नाव सांगितलं, विधवा होती हेही सांगितलं. पहिल्यांदाच. तो म्हणाला, "होगी. गावती तो चोखो थी." असेल, पण गायची छान, असं.

कॅसेटीची पहिली बाजू वाजत नाही. दुसऱ्या बाजूवर चार गाणी आहेत. चारांतही जिजी आहे.