डाव्या चाकाचा बोल्ट

चिंचवडच्या आसपास विहिरीवरचं इंजिन बंद पडलं की लोक ज्योतीरामला बोलावत. नुसत्या आवाजावरून तो बिघाड सांगायचा. पण १९५५च्या सुमारास पिंपरीकडे कारखाने उभे राहू लागले आणि चाळिशीतल्या ज्योतीरामला कायमच्या नोकरीचा ध्यास लागला. तिथे फिटर घेतले जात ते ठेकेदार रंगरावांच्या शब्दावर.

एका रविवारी सकाळी रंगरावांनी त्याला घरी बोलावलं. अंगणात त्यांच्या जुन्या अमेरिकन मोटारीचं पुढचं डावं चाक हवा जाऊन बसलं होतं.

"हे चाक बदल. जमलं तर उद्याच तुला फिटर म्हणून आत नेतो."

ओट्यावर तीन पाहुणे चहा घेत होते. ड्रायव्हर भैरू पाना घेऊन उभा होता. तो ज्योतीरामच्या बायकोचा धाकटा भाऊ, बहिणीच्या घरी राहूनच शिकलेला. पाना देताना तो काही सांगणार, तोच रंगरावांनी त्याच्याकडे नुसतं रोखून पाहिलं. भैरू मागे सरला.

ज्योतीरामने फडक्याने बोल्ट पुसला. डोक्यावर एक इंग्रजी अक्षर कोरलेलं होतं.

"मालक, ह्ये काय लिवलंय?"

"कंपनीची खूण. तू हात चालव."

एका पाहुण्याला चहाचा ठसका लागला.

ज्योतीराम आजवर शेकडो बोल्ट सोडवत आला, तसाच त्याने पाना डावीकडे रेटला. बोल्ट हलेना. त्याने घासलेट सोडलं, हातोडीने हलके ठोके दिले, पुन्हा रेटलं. शेवटी पान्याच्या दांड्यावर पाइप चढवला आणि अंगाचा भार टाकला. कर्रकन आवाज झाला.

"हलला!" तो हरखून ओरडला.

"वा रे पैलवान!" रंगराव म्हणाले. "आता सोडू नकोस. का बायकोला बोलावू हात द्यायला?"

ओट्यावर हशा पिकला. भैरू टायरकडे बघत राहिला. ज्योतीरामने पाइप छातीखाली घेतला आणि पुन्हा सगळं वजन टाकलं. बोल्टाचं डोकं तुटून उडालं. तो पाइपसकट खाली कोसळला आणि उजव्या हाताची दोन बोटं पाइप आणि फरशीच्या मध्ये चेचली.

रंगराव सावकाश ओटा उतरले. धोतर सावरत त्यांनी पाना उचलला, शेजारच्या बोल्टाला लावला आणि उजवीकडे हिसका दिला. बोल्ट सुटला.

"या गाडीच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात. तेच लिहिलंय वर, 'एल' म्हणजे लेफ्ट, डावं. मघापासून तू आवळत होतास, फिटरसाहेब!"

पाहुण्यांची हसून मुरकुंडी वळली.

ज्योतीरामने बोटांना तेच तेलकट फडकं गुंडाळलं. उरलेले बोल्ट काढले, दुसरं चाक चढवलं, चार बोल्ट उलटे फिरवून घट्ट केले आणि प्रत्येक दोनदा तपासला. मग ओट्याजवळ गेला.

"उद्या किती वाजता येऊ, मालक?"

"कुठे?" रंगरावांना खरंच नवल वाटलं. "माझ्या गाडीचा बोल्ट मोडलास. तिथली यंत्रं तुझ्या हाती देऊन माझा शब्द घालवू होय?"

फाटकाबाहेर भैरूने त्याला गाठलं.

"दाजी, मला ठाव व्हतं. पन मालक बघत व्हते."

ज्योतीरामने बोटांवरचं फडकं आवळलं.

"ठाव असनारच. साळंत मीच घातलं व्हतं तुला."