परसातला तांबट आणि हिराक्काची दोन पोती

मी आज जो काही आहे तो माझ्या थोरल्या बहिणीमुळे, हिराक्कामुळे. आणि हिराक्का एकदा लग्नघर सोडून, दोन पोती तांब्यापितळेची भांडी घेऊन पुण्याला आली ती केवळ माझ्यामुळे.

यातलं पहिलं आधी सांगतो. आमच्या घरातून एकालाच तालुक्याच्या शाळेत पाठवणं शक्य होतं. हिराक्का माझ्यापेक्षा हुशार (हे गुरुजी सांगत, आणि माझ्यासमोर सांगत). पण चौथी झाल्यावर ती म्हणाली, "दत्तूला पाठवा. त्येला म्हशी वळता येत न्हाईत." मग तिनं म्हशी वळल्या आणि मी बी. ए. झालो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. पुढं तिच्या सासरी कुणाला सरकारी कागद आला, की ती म्हणायची, "थांबा, आमच्या दत्तूला इचारते." तिच्या गावात माझ्या शब्दाला असा मान होता. तो मी एका फोनवर घालवत आणला.

त्याचं असं झालं. पुण्यात नोकरी लागली, लग्न झालं आणि विश्रांतवाडीला तळमजल्यावर भाड्याची जागा मिळाली. मागं चिमूटभर परस आणि त्यात उंबराचं झाड. आमच्या ऑफिसातल्या साहेबांना पक्षी पाहण्याचा नाद होता. साहेब करतात ते चांगलंच असणार, या श्रद्धेनं मीही एक जुनी दुर्बीण मिळवली, पुस्तक आणलं आणि परीक्षेला बसल्यासारखी पक्ष्यांची नावं पाठ केली.

माघ सरत आला, की पक्ष्यांच्या जगात बदल्यांचा मोसम सुरू होतो. थंडीतले पाहुणे निघतात, इथले घरटी बांधायला घेतात, आणि पाहणाऱ्याच्या जिवाला स्वस्थता म्हणून राहत नाही. मी घास हातात घेऊन मागच्या दाराशी जाई, परत येई, पुन्हा जाई. दाढी अर्धी करून बाहेर पळे. माझी बायको सुनंदा हिनं एकदा मुद्दाम आमटीत मीठ घातलं नाही. मी दोनदा वाढून घेतली.

अशा अवस्थेत मी हिराक्काला फोन केला. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. फोन गावच्या किराणा दुकानात. तिला बोलावून आणायचं, ती ओरडून बोलणार, मी बूथवरून ओरडून बोलणार.

"काय चाललंय रं?" हिराक्का.

"मजेत. थंडी संपली आक्का. धोबी गेला."

"गेला? कुठं गेला?"

"उत्तरेकडे. दरवर्षी जातो. पण शिंपी इथंच असतो, मागच्या दारी. कोतवाल सकाळ-संध्याकाळ हजर. आणि मुख्य म्हणजे तांबट आलाय! उजाडल्यापासून ठोकत बसतो."

ती एकदम आवाज खाली आणून म्हणाली, "तांबट? तुझ्या दारात?"

"परसातच. तू ये एकदा, पाहशील."

"येते," असं म्हणून तिनं फोन ठेवला. आक्कालाही पाखरांची ओढ वाटली, म्हणून मी रस्ताभर भारावून गेलो होतो.

चार दिवसांनी निरोप आला, सकाळच्या गाडीनं स्वारगेटला उतरते. मी घ्यायला गेलो. गाडीच्या टपावरून दोन पोती खणखणत खाली आली. "यात काय आहे?" तर "घरी गेल्यावर बगशील." रिक्षावाल्यानं पोत्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "भंगार बाजार उलट्या दिशेला आहे."

रिक्षात हिराक्कानं पहिला प्रश्न विचारला तो असा: "तांबट हाय ना रं अजून? का गेला?"

माझे डोळे पाणावले. "आहे की. आता उन्हाळाभर हलत नाही."

"एकटाच हाय का?"

"जोडी आहे."

"बायको बी काम करती?"

"दोघं मिळून करतात. आळीपाळीनं." (मला वाटलं, फांदीत घरट्याचं भोक पाडण्याबद्दल विचारते आहे.)

"मग दोन दिसांत उरकंल," हिराक्का समाधानानं म्हणाली आणि पोत्यावर हात ठेवून डुलकी घेऊ लागली.

घरी पोती उघडली. पहिल्यातून आमच्या आईचा तांब्याचा हंडा निघाला. तो बुडाशी गळत होता, आणि रुखवतात मधोमध तोच ठेवायचा होता. त्यामागून घागरी, परात, पितळेच्या कळश्या निघाल्या. निम्मी भांडी भावकीची होती. गावात तांबट उरला नव्हता, आणि हिराक्का सगळ्यांना सांगून आली होती, "आमच्या दत्तूच्या दारातच तांबट बसतो. द्या हिकडं." दुसऱ्या पोत्यात वर झंपरांचे खण होते.

"हे शिंप्याला," ती म्हणाली. "धोबी गेला म्हनलास, म्हनून लुगडी तिकडंच धुऊन आनली."

"अहो, जरा आत येता का?" सुनंदा म्हणाली. आत गेल्यावर तिनं एकच विचारलं, "फोनवर 'पक्षी' हा शब्द तुम्ही वापरला होता का?"

मी आठवून पाहिलं. पुन्हा आठवून पाहिलं. पक्षी पाहणारी माणसं आपापसांत 'पक्षी' म्हणत नाहीत. गवई काही दर वेळी 'गाणं' म्हणत नाहीत, तसंच.

"आता लगेच जाऊन सांगा त्यांना."

"सांगतो. आक्काचा चहा होऊ दे."

चहा झाला. मी म्हटलं, जेवण होऊ दे. लग्न दहा-बारा दिवसांवर, आईचा हंडा गळका, भावकीच्या भांड्यांची जबाबदारी अंगावर, आणि हे सगळं माझ्या शब्दावर. तिनं शाळा सोडली ती मी शहाणा व्हावा म्हणून. तो शहाणा झालेला मी, स्वयंपाकघर ते पुढची खोली अशा येरझाऱ्या घालत होतो.

तेवढ्यात मागून आवाज सुरू झाला. टुक, टुक, टुक, टुक. अगदी तांब्यावर हातोडी पडावी तसा. एरवी या आवाजानं मला भरतं यायचं. त्या दिवशी मी मागचं दार लावायला धावलो, पण उशीर झाला.

हिराक्का हंडा कडेवर घेऊन मागच्या दारी. "आवाज येतोय, मानूस दिसंना रं."

"तो... वर आहे."

"वर म्हंजे गच्चीत?"

"झाडाकडे."

"झाडाखाली बसतो व्हय. सावलीला." तिनं हंडा ठेवला, आत आली आणि मी काही बोलायच्या आत उरलेला चहा कपबशीत ओतून पुन्हा बाहेर पडली. घरी आलेल्या कारागिराला चहा न देता काम सांगायची आमच्याकडे पद्धत नाही.

परसाच्या भिंतीपलीकडे बागवानकाका राहत. मार्केट यार्डात त्यांचा फळांचा गाळा. पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातच असल्यानं बोलणं शुद्ध आणि तिरकस. ते भिंतीवरून पाहत होते.

"कुणासाठी चहा, ताई?"

"तांबटासाठी, भाऊ."

बागवानकाकांनी उंबराच्या शेंड्याकडे पाहिलं. "मग शिडी देऊ का? तिथपर्यंत बशी हिंदकळेल."

हिराक्कानं वर पाहिलं. शेंड्यावर चिमणीएवढा, हिरवा, कपाळावर लाल टिळा लावलेला तो बसला होता आणि मान हलवत ठोकत होता. टुक, टुक, टुक. मी दुर्बीण तिच्या हातात दिली. का दिली, मला अजून कळलेलं नाही.

"ह्यो?" ती म्हणाली.

"हो."

"आनि शिंपी?"

"तोही. पानं शिवून घरटं करतो."

"धोबी?"

"शेपटी आपटतो, धोपटल्यासारखी. म्हणून धोबी."

"कोतवाल?"

मी नुसती तारेकडे मान वळवली. तिथं काळा, दुभंगलेल्या शेपटीचा कोतवाल हजर होता.

हिराक्का दगडी पायरीवर बसली. तांबटाचा चहा तिनं स्वतःच पिऊन टाकला. मग म्हणाली, "मानूस म्हनून कोन हाय रं तुज्याकडं?"

"मी आहे, वन्सं," सुनंदा दारातून म्हणाली.

"तू हाईस म्हनून बरं हाय." मग तिनं हंडा जवळ ओढला. हसली नाही, रागावलीही नाही. "आता ही भांडी तशीच घिऊन गेले, तर भावकी काय म्हनंल? हिचा भाऊ शिकला आनि येडा झाला, आसं म्हनतील. मला काय बी म्हनू देत. तुला म्हनल्यालं मला न्हाई खपायचं."

मला तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. मी उठलो, चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. कुठं जायचं ते ठरलं नव्हतं.

"दत्ताजीराव," बागवानकाका भिंतीवरून म्हणाले, "पुण्यात राहून किती वर्षं झाली आपल्याला?"

"आठ."

"कसबा पेठेत तांबटांची आख्खी आळी आहे. झाडावर नाही, जमिनीवरच आहे. म्हणून दुर्बिणीतून दिसली नसेल."

त्यांच्याच टेंपोत, संत्र्यांच्या रिकाम्या पेट्या सरकवून आम्ही पोती चढवली. आळीत शिरलो तर दुतर्फा ठोकाठोक. परसातल्याचा आवाज त्यापुढं काहीच नव्हे. पण लग्नसराई होती. "होळीनंतर या," असं तिथल्या कारागिरानं मान वर न करता सांगितलं. मी अर्ज केल्यासारखा हात जोडून उभा राहिलो. शेवटी दुसरं काही सुचेना म्हणून सगळं खरं सांगितलं: फोन, धोबी, शिंपी, कोतवाल, चहाची बशी. त्याची हातोडी थांबली. त्यानं शेजारच्याला हाक मारली, "अरे, इकडं ये. साहेब, परत सांगा. पहिल्यापासून."

मी सांगितलं. मग पलीकडचे दोघे आले, त्यांनाही सांगितलं. चौथ्या वेळेला हिराक्कानंच सांगितलं, आणि तिनं माझ्यापेक्षा फार बरं सांगितलं. चहाच्या बशीपाशी ती स्वतःच पोट धरून हसायला लागली. हंड्याचं गळकं भोक डाग देऊन बुजलं, पोचे निघाले, कल्हई झाली. तिसऱ्या दिवशी दोन्ही पोती तयार.

खण सुनंदानं कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे टाकले. त्याआधी हिराक्का स्वतः जाऊन, तो दुकानात बसलेला पाहून आली.

ती गेली, पोचल्याचा निरोप आला आणि मी साहेबांना उत्साहानं सगळी हकीकत सांगितली. त्या हकिकतीचा परिणाम पाहून मला त्याच दिवशी हे पत्र टाकावं लागलं:

"ती. हिराक्कास दत्तूचा साष्टांग नमस्कार. भांडी भावकीला पसंत पडल्याचं कळून जिवात जीव आला. आम्ही दोघं लग्नाच्या आदल्या दिवशी पोचतो. आमच्याबरोबर ऑफिसचे साहेबही येत आहेत. मी त्यांना म्हणालो, आमच्या आक्काच्या गावासारखी सुगरण कुठं पाहायला मिळणार नाही. ते दोन दिवसांची रजा टाकून येत आहेत. त्यांना पाहायची आहे ती तुमच्या विहिरीवरच्या बाभळीला घरटी टांगणारी सुगरण. तरी साहेबांनी 'सुगरण कुठं आहे' असं विचारल्यास त्यांना विहिरीकडं न्यावं. चुलीकडं नेऊ नये. साहेब मोठे सज्जन आहेत, पण ते दुर्बीण लावून तासतासभर टक लावून बघतात, आणि 'मादी कोणती' असं मोठ्यानं विचारतात. तुझ्या सासूबाईंना आधीच समजावून ठेवावं. मी समजावलं असतं, पण मी बोललो की काय होतं ते तुला ठाऊक आहे. तुझा शिकलेला भाऊ, दत्तू."