माईंनी निवडलेला शेजार

आमच्या सासूबाईंना घर दाखवायला नेलं, की त्या घर सोडून सगळीकडे बघत. घरमालक बिचारा सागवानी तुळया दाखवतोय, माजघर किती ऐसपैस ते सांगतोय, आणि माई मागच्या दारी उभ्या राहून पलीकडची बाई धुणं कसं वाळत घालते ते न्याहाळतायत! कुणी टोकलंच तर म्हणत, "भिंती काय, गवंडी घालील. माणसं कोण घालून देणारेय?" पुरुषमंडळी एकमेकांकडे बघून हसत. माई त्यांच्याकडे बघतसुद्धा नसत.

आम्ही तेव्हा कल्याणला एकत्र राहत होतो. हे ठाण्याच्या कचेरीत कारकून. रोज आगगाडीनं जायचे-यायचे, आणि थंडी पडली की साहेबाबरोबर तंबू घेऊन फिरतीवर. शेवटी कंटाळून ठाण्यातच घर घ्यायचं ठरवलं. दोन घरं मनात भरली होती. एक तळ्याकाठच्या आळीत. देऊळ जवळ, कचेरी जवळ, शेजारी वकील आणि बडे अंमलदार. दुसरं चेंदणीला, स्टेशनाच्या बाजूला. आळी आपल्यातलीच, पण पाठीला कोळीवाडा, वारा फिरला की सुकटीचा वास थेट देवघरात. यांचं मन अर्थातच तळ्याकाठी. मला तेव्हा दिवस गेलेले होते. आधीची दोन मुलं हाती लागली नव्हती, आणि माहेरी बाळंतपणाला जावं तर तिथं आई नव्हती. तेव्हा जे काय व्हायचं ते नव्या घरातच होणार होतं.

माईंची परीक्षा ठरलेली असे. नव्या आळीत शिरायचं, एखाद्या अनोळखी दारात जाऊन म्हणायचं, "बाई, थोडं विरजण मिळेल का?" विरजण मागून कुणी भिकेला लागत नाही आणि देऊन कुणी दानशूर होत नाही. म्हणूनच देणाऱ्याचा स्वभाव त्यात कळतो, असं त्यांचं म्हणणं. मला मात्र त्यांच्या मागे पदर ओढून उभं राहताना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

चेंदणीला शेजारच्या घराचं दार उघडलं ते जानकीकाकूंनी. विरजण द्यायचं राहिलं बाजूला, आधी चौकशी! कुठल्या तुम्ही, ही सून का, कितवा महिना, आधीची किती? माईंनी सांगून टाकलं. त्यावर ही बाई सरळ माझ्या तोंडाकडे बघून विचारते, "दोन गेली? अगं आई गं! कशानं गं गेली?" आमची धड ओळख नाही, पाळख नाही! मला असा संताप आला म्हणून सांगू! परत येताना गाडीत मी डोळ्यांना पदर लावून बसले. मुंब्र्याचा डोंगर कधी मागं पडला ते कळलंसुद्धा नाही.

तळ्याकाठी गेलो त्या दिवशी आगगाडीनंच घात केला. पोचेपर्यंत दिवेलागण झाली. माईंनी दारोदार विरजण मागितलं आणि सगळीकडून नकार आला. आळीच्या तोंडाशी येऊन माई कडाडल्या, "दगड आहेत मेल्या! चमचाभर विरजण देववत नाही!"

मी हळूच म्हटलं, "माई, दिवे लागल्यावर तुम्ही तरी देता का?"

माई भर रस्त्यात थांबल्या. दिवे लागल्यावर घरातलं दही-विरजण बाहेर जाऊ द्यायचं नाही, हे मला त्यांनीच तर शिकवलं होतं! "अगोबाई!" म्हणाल्या, "काय बाई वेंधळी मी!" आणि तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या, की त्यांना हसताना बघून मलाही हसू आवरेना. सासूसमोर एवढं हसायची माझी ती पहिलीच वेळ.

उगाच कुणावर अन्याय नको म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिथंच गेलो. आता पहिल्याच घरी लख्ख वाटीतून विरजण मिळालं. वर पान झाकलेलं. कुठल्या, कोणाच्या, कशाला हवं, एक अक्षर कुणी विचारलं नाही. मला अगदी हायसं वाटलं. त्या दुपारी मी पहिल्यांदाच माझ्या मनातलं बोलले. "माई, आपण इथंच घर घेऊ. इथं कुणी काही विचारत नाही."

 माई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "म्हणूनच नको गं. तो असेल फिरतीवर, मी कल्याणला तुझ्या मामंजींपाशी. तू दोन दिवस दिसली नाहीस तरी इथं कुणी विचारणार नाही. ती चेंदणीची बाई भोचक आहे. तुला भोचकच हवी."

यांनी पुष्कळ वाद घातला. माईंनी एका वाक्यात तोंड बंद केलं. "माझ्या सुनेला मूल हवंय आणि तुला वकिलांचे नमस्कार हवेत. काय ते ठरव." घर चेंदणीला झालं. मी पुढे कित्येक दिवस माईंशी कामापुरतंच बोलत होते.

माघात हे फिरतीवर होते. माई यायला चार-आठ दिवस अवकाश होता, आणि सोबतीला ठेवलेली म्हातारी स्वयंपाकीण ठार बहिरी. सकाळीच कळा सुरू झाल्या आणि मी माजघरात आडवी पडले. हाका मारल्या, त्या भिंतींनी ऐकल्या. तेवढ्यात मागच्या दारानं जानकीकाकूंचा आवाज, "आज विहिरीवर का नाही गं आलीस?" मला बघून त्यांनी आधी मला आणि मग म्हातारीला शिव्या दिल्या, आणि कोळीवाड्यातून सुईणीला घेऊन आल्या. "घाबरू नको गो बाय, मी हाय ना!" म्हणत तिनं बाळाच्या मानेभोवतीची नाळ सोडवली. मुलगी झाली. रडली, चांगली मोठ्यानं रडली! तसं गोड रडणं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

माई आल्या, बाळंतपण केलं, बारसं केलं. मग निघायची तयारी करू लागल्या. हे म्हणाले, मामंजींनाही इथंच आणू. मी तर पाय धरले, "जाऊ नका."

माई नातीचं अंगडं सारखं करत राहिल्या. "मला राहायला आवडणार नाही होय? पण मी इथं बसले, तर जानकी अंगणातूनच बोलून जाईल. सासू घरात असली की सुनेची शेजारीण आत येत नाही. या घरात तुझं माणूस आलं पाहिजे." एवढं बोलून त्यांनी बोचकं उचललं. मी मुलीला घेऊन दारात उभी राहिले. त्यांनी वळून बघितलं नाही.

त्यानंतर त्या सणावाराला येत, दोन दिवस राहत आणि परत जात. एका आषाढात कल्याणहून माणूस आला, माई गेल्या. मी मोठ्यानं हंबरडा फोडला. हां हां म्हणता मागच्या दारानं आळीतल्या बायका आत आल्या. कुणी मुलीला उचललं, कुणी चुलीवरचं उतरवलं, जानकीकाकूंनी माझं डोकं मांडीवर घेतलं. माजघरात पाय ठेवायला जागा उरली नाही. सगळ्याजणी माझ्यासाठी आल्या होत्या. त्या याव्यात म्हणून जी या घरात राहिली नाही, तिला हे भरलेलं माजघर दाखवायचं मात्र राहूनच गेलं.