माह्या अन् कडुलिंबाच्या पांढऱ्या डोक्याची गोष्ट

बाप्पा, बोलून मी राह्यली, लिहून राह्यली माही नात पिंकी.

पोरानं अंगणातला कडुलिंब उद्या तोडाचं ठरवलं होतं. म्हणे, "माय, झाड म्हातारं झालं."

म्हणून पिंकीनं काळ्या-पांढऱ्या इन्फ्रारेड रीलवर झाडाखाली माहा फोटो काढला. आज न्हाणीच्या दाराले गोधडी लावून अंधारात रील धुतली अन् कागदावर फोटो छापला. मी बाहेर राखणीले.

फोटो पाह्यला तं हिरवा पाला कापसावानी पांढरा! मले वाटलं, बिघडला.

"नाही आजी, या रीलले डोयाले न दिसणारा उजेडबी दिसते. तिच्यावर जिता पाला असाच चमकते."

मी फोटो पोराच्या हाती देल्ला. "दोघांचंबी डोकं पांढरं हाये, बाबू. सांग, पयले कोणाले तोडतं?"

तो हासला अन् झाड तोडणाऱ्याले फोन करून म्हणाला, "उद्या येऊ नको."

तुमच्या अंगणात कोणतं म्हातारं अजून चमकून राह्यलं?