मतं मागणारा जज

शेजाऱ्यानं आमचा बांध कोरला, त्याची केस तालुक्याच्या कोर्टात किती वर्षं चाललीय, हे आता घरात कुणी विचारतही नाही. परवा मी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घेऊन वालूरहून जीपनं गेले. जजसाहेबांची बदली झालीय, नवीन साहेब यायचेत, एवढं कळलं. पुढची तारीख घेऊन आम्ही कोर्टासमोरच्या हॉटेलात चहाला बसलो.

माझं डोकं फिरलं होतं. मी म्हणाले, "आबा, अमेरिकेत काही राज्यांत खालच्या कोर्टाचे जज लोकच निवडून देतात. आपल्याकडं सरपंच फिरतो तसे मतं मागत फिरतात."

आबांची बशी ओठापाशीच थांबली. "म्हंजी जज दारात येतो? हात जोडून?"

"येत असतील."

त्यांचा थकलेला चेहरा उजळला. जजला हाताला धरून बांधावर नेणारे आबा मला दिसायलाच लागले. मग त्यांनी चहा संपवला आणि दर निवडणुकीला पारावर करतात तोच हिशोब मांडला. शेजाऱ्याची भावकी म्हणजे अर्धं गाव. सरपंच त्यांचाच. आमचे आजोबा घरजावई म्हणून आलेले, त्यामुळं गावात आमचं एकच घर, भावकी नाहीच.

"नको माय," बशी खाली ठेवत आबा म्हणाले. "हा बदलून जाणाराच बरा हाय. आपल्या घरात मतं किती, हे त्याला ठाऊक तर न्हाई."